मधल्या घरावर सुटलेला हत्ती

वसईजवळच्या सांडोरात कुणाकडे लग्न निघालं की पंगतीच्या पानांसाठी पहिला निरोप प्रिस्काकडे जातो. केळीचं पान कापणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण उन्हं चढायच्या आत कापलं नाही तर पान मान टाकतं, देठाशी नीट धरलं नाही तर शिरेपाशी फाटतं, आणि समुद्राकडचा वारा सुटला असेल तर कापलेलं पान खाली ठेवेपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. प्रिस्काच्या हातचं पान फाटत नाही. वय त्रेपन्न, अंगाने काटक, बोलायला थोडी, आणि एकदा हो म्हणाली की मग पाऊस येवो की पाहुणे येवोत, ती मागे फिरायची नाही.

हीच प्रिस्का त्या रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा, म्हणजे उपासना, करून, गुडघ्यापर्यंत दंव अंगावर घेत दोनशे पानं कापून, ती टेम्पोत चढवून, हातपाय धुऊन साडेनऊला वसईतल्या एका शाळेच्या सभागृहात येऊन बसली होती. तिच्यासमोर बुद्धिबळाचा पट होता. जिल्हा निवड स्पर्धेची ही सातवी आणि शेवटची फेरी. सात फेऱ्यांतून पहिले चार राज्य स्पर्धेला जायचे. तीन नावं जवळपास नक्की होती. चौथ्या जागेचा निकाल ह्याच पटावर लागायचा होता. जिंकली किंवा बरोबरी केली तर प्रिस्का जाणार, हरली तर समोर बसलेला कल्पेश.

आता ही पानवाली बाई पटाशी आली कशी, तेवढं सांगायला हवं.

चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा स्टॅनी माडावरून पडला. जीव वाचला, पण मानेला पट्टा आणि पाठीला फळी बांधून तो दोन वर्षं बाजल्यावर पडून राहिला. चार जणांत उठबस असलेला, मांडवात उभा राहून पन्नास माणसांना हसवणारा गडी. तो छताच्या वाश्यांकडे बघत दिवस मोजू लागला तेव्हा प्रिस्काला त्याच्या दुखण्यापेक्षा त्या बघण्याची भीती वाटली. धाकटा दीर केविन त्या वर्षी आखातातून आला होता. त्याने येताना बुद्धिबळाचा पट आणला आणि रद्दीवाल्याकडून एक पुस्तक मिळवलं. पुस्तकाची सुरुवातीची आणि शेवटची पानं गेलेली होती. उरलं होतं ते मधलं एकच प्रकरण धडधाकट: सिसिलियन बचाव.

झालं! वाडीतलं पाणी आटोपलं की प्रिस्का बाजल्याच्या कडेला बसायची, पुस्तक गुडघ्यावर धरून. काळे मोहरे स्टॅनीला त्या अंधाऱ्या खोलीत नीट दिसायचे नाहीत, म्हणून पांढरे कायम त्याचे आणि काळे कायम तिचे. तो राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचा. सगळं जग त्याला उत्तर म्हणून समोर प्यादं आणून उभं करतं. पण पुस्तक म्हणायचं, तसं नको, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाक. प्रिस्काला ते फार पटलं. "बरोबर आहे," ती स्टॅनीला म्हणाली होती, "शेजाऱ्याने बांध ढकलला तर बांधावर जाऊन कशाला भांडायचं? पाटाकडून जायचं. पाणी आपल्याकडूनच जातं त्याला."

"म्हणजे तू मला पाणी तोडणार?" स्टॅनी म्हणाला.

"तू आधी बांध ढकललास."

मोहरा उचलून ठेवला की बाजलं हलायचं आणि बाकीचे मोहरे आडवे व्हायचे. म्हणून दोघंही मोहरा उचलत नसत, सरकवत नेत. ती सवय प्रिस्काच्या बोटांत बसली ती बसली. स्टॅनी पुढे काठी घेऊन हिंडू लागला, अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करू लागला. पण पट काही सुटला नाही. चौदा वर्षं, जेवणानंतर एक डाव. चौदा वर्षं काळे मोहरे, चौदा वर्षं सिसिलियन. तिसऱ्या वर्षापासून स्टॅनी जिंकायचा बंद झाला. दहाव्या वर्षी तो म्हणाला, "मला हरवून काय मिळवलंस? मी तर पडलेलाच माणूस. बाहेर जाऊन कुणाला तरी हरवून ये, मग बोल."

हे तो गमतीने बोलला होता. प्रिस्काला गंमत पटकन कळत नाही. तिने ते चार वर्षं मनात ठेवलं, आणि ह्या वर्षी शाळेच्या फाटकावर स्पर्धेचा फलक लागला तेव्हा जाऊन नाव दिलं.

पहिल्या दिवशी ती सभागृहात शिरली तेव्हा सगळीकडे मुलं आणि मुलांना सोडायला आलेले आईबाप. मुख्य पंच शत्रुघ्न मास्तर दारातच उभे होते. खाडीकाठच्या गावचे, शाळेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक मी बाजारात विकते, मास्तर," प्रिस्का म्हणाली. "इथे खेळायला आलेय."

मास्तरांनी चष्मा वर करून यादी बघितली. नाव होतं. नावापुढे रेटिंग नव्हतं, क्लब नव्हता, काही नव्हतं. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

पांढरे मोहरे आले त्या तीन डावांत तिचे फार हाल झाले. पटाच्या त्या बाजूने तिने कधी बघितलंच नव्हतं. एक हरली, एक बरोबरी, एक कसाबसा विजयापर्यंत ओढून आणला. पण काळ्यांचे तिन्ही डाव जिंकली. कामणच्या गोदामातला एक सुपरवायझर दोन तासांनी पटावरून उठला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठे शिकलात?" ती म्हणाली, "घरी." तो बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटला की बाई मोठ्या क्लासची आहे, नाव लपवतेय.

आणि आता सातवी फेरी. काळे मोहरे.

कल्पेश नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, तिशीचा, संगणकाच्या कंपनीत कामाला. खेळात मुरलेला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. बसता बसता म्हणाला, "आंटी, ड्रॉ तुम्हाला चालेल, मला नाही चालणार. सो सॉरी, आज फुल अटॅक."

"करा ना," प्रिस्का म्हणाली. "मी कुठे जातेय?"

त्याने राजाचं प्यादं दोन घरं टाकलं. तिने उंटापुढचं. तो हसला, कारण त्याला हेच हवं होतं. मग घोडे निघाले, उंट निघाले, त्याने राजा लांबच्या बाजूला नेऊन कोटात बसवला आणि दुसऱ्या बाजूची प्यादी तिच्या राजावर सोडली. प्रिस्का घाबरली नाही. ह्या वाटेने ती हजार वेळा गेली होती. तिचा हत्ती मोकळ्या पट्टीवर आला. त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, राजाच्या दारात, कल्पेशचा घोडा राखणीला उभा होता. हत्तीने तो घोडा मारायचा. हत्ती जाईल, पण घोड्याच्या जागी कल्पेशला आपलंच प्यादं आणावं लागेल आणि राजापुढची प्याद्यांची भिंत फुटेल. फाटक्या पुस्तकातलं हे तिचं सर्वांत लाडकं पान.

तिने वीस मिनिटं विचार केला. घड्याळात चार मिनिटं उरली. प्रत्येक चालीला अर्ध्या मिनिटाची भर पडते, पण तेवढ्यात फार विचार होत नाही. मनाशी पक्कं झालं. तिने हत्तीला हात लावला आणि नेहमीसारखा, न उचलता, पट्टीवरून खाली सरकवत नेऊ लागली. एक घर, दोन घरं, तीन, चार.

आणि शेजारच्या चर्चची घंटा वाजली.

बारा वाजले होते. सांडोरचं माणूस बारा वाजता कुठेही असो, वाडीत असो, विहिरीवर असो, प्रार्थनेच्या घंटेचा पहिला ठोका पडला की हातातलं टाकतं, उभं राहतं आणि कपाळाला हात लावतं. नवी पिढी विसरली असेल. प्रिस्काला कुणी विसरू दिलं नव्हतं. लहानपणी कुदळ हातात असताना ठोका पडला आणि ती खणत राहिली, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून ते काम डोक्याचं राहिलं नव्हतं, अंगाचं झालं होतं. तिचा हात हत्तीवरून उचलला गेला, कपाळाला लागला, छातीला लागला, दोन्ही खांद्यांना लागला. ती उभी राहिली, डोळे मिटले. नमो मारियाची प्रार्थना मनात तीनदा म्हणून झाली. चहाच्या टेबलाशी शाळेतल्या, सांडोरच्याच सुझान टीचर उभ्या राहिल्या होत्या, आणखी दोघंतिघं उभी होती. बाकीचे वर बघत होते.

डोळे उघडून ती खाली बसली तेव्हा हत्ती घोड्याच्या एक घर अलीकडे, मधल्याच घरावर उभा होता. तिचं घड्याळ चालूच होतं.

कल्पेशने हात वर केला. "सर! हात सुटला. चाल झाली."

शत्रुघ्न मास्तर आले. पटाकडे बघितलं, बाईकडे बघितलं, घड्याळ थांबवलं. चाळीस वर्षं दुपारी बाराला अशीच घंटा मास्तरांच्या कानावर पडत होती. त्यांना सगळं कळलं आणि म्हणूनच ते अडले.

"घंटा झाली तवा... म्हंजे तुमच्या मनात तिथं ठेवायचा नव्हता ना?" मास्तर गोंधळले की त्यांची घरची बोली बाहेर येई.

"मनाचं काय सर, रूल हाताचा आहे," कल्पेश म्हणाला.

सुझान टीचर चहाची किटली हातात घेऊनच आल्या. "अहो, काय चाललंय? घंटा वाजली की हात कपाळाला जाणारच! ही काय चाल झाली? उद्या शिंकेलाही चाल म्हणाल. प्रिस्का, सांग ना यांना, तुला घोडा मारायचा होता. मी लांबून बघत होते, मला सुद्धा कळलं."

"टीचर, कोनी बोलू नका. डाव चालू आहे," मास्तर म्हणाले.

सगळं सभागृह आता प्रिस्काकडे बघत होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाई नुसतं एक वाक्य बोलली, मला तिथे ठेवायचा नव्हता म्हणाली, तर ते नियमांचं पुस्तक उघडतील आणि त्यात कुठलीतरी फट शोधायचा प्रयत्न करतील. सापडली असती का? देव जाणे. पण दार ढकलायला ते तयार होते.

प्रिस्काला तेव्हा बाजलं आठवलं. पहिल्या वर्षी स्टॅनीचा हात फार कापायचा. वजीर न्यायचा असे एकीकडे आणि तो निसटून पडे भलतीकडे, तिच्या प्याद्याच्या तोंडात. ती म्हणायची, "असू दे रे, घे परत, हात कापला तुझा." आणि स्टॅनी पट्ट्यातून मान न हलवता, दात आवळून म्हणायचा, "पडला तिथे पडला. मार त्याला. माझी दया करायची असेल तर जाऊन देवळात मेणबत्ती लाव, इथे पटावर नको." आणि ती मारायची. रडू गिळून मारायची. डाव संपेपर्यंत तो एक वजीर कमी घेऊन झुंजायचा आणि त्या झुंजीतूनच, डॉक्टर काही म्हणोत, तो उठून बसला असं तिचं मत होतं.

ज्या माणसाच्या कापऱ्या हाताला तिने सूट दिली नव्हती, त्याच्यासमोर आज जाऊन स्वतःच्या धडधाकट हातासाठी मागितलेली सूट ती कशी सांगणार होती?

"टीचर, तुमचा चहा निवतोय," ती म्हणाली. मग मास्तरांना, "हात माझा होता, मास्तर. घंटेने नाही उचलला, मीच उचलला. सुटला तो सुटला."

"म्हंजे चाल मान्य?"

"मान्य." आणि तिने आपल्या हाताने घड्याळाचं बटण दाबलं. तिच्याकडे दोन मिनिटं उरली होती.

कल्पेशने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग त्याने उंटाने हत्ती मारला. तिने घोड्याने उंट मारला. हत्ती गेला आणि बदल्यात नुसता उंट मिळाला. राजापुढची भिंत होती तशी उभी. मागे उभ्या असलेल्या एका पोरीने हळूच "गया" म्हटलं.

प्रिस्काने पाण्याचा घोट घेतला. पुस्तकाचं पान संपलं होतं. ह्यापुढे कुठलंही पुस्तक नव्हतं, पट होता आणि ती होती. पान फाटलं की माणूस पहिल्यांदा फाटलेल्या जागेकडेच बघत राहतं. तिने तसं केलं नाही. गेलेला हत्ती तिने मनातून काढून टाकला आणि काय उरलंय ते बघितलं. उरला होता घोडा. हत्तीच्या चुकीच्या घरावर आता तिचा घोडा येऊन बसला होता, शत्रूच्या अंगणात, आणि त्याला हुसकून लावणारा पांढऱ्या घरांचा उंट आता कल्पेशकडे नव्हताच. तो उंट त्या हत्तीलाच खाऊन मेला होता.

"इथून हलायचं नाही," ती घोड्याला मनात म्हणाली. अगदी असंच म्हणाली.

मग एक तास जे झालं ते बघायला चहाचं टेबल रिकामं झालं. कल्पेश हल्ला करीत होता. त्याची प्यादी तिच्या राजाच्या दारापर्यंत आली. ती एकेक दार लावत गेली. घड्याळात कधी चाळीस सेकंद असत, कधी वीस. एकदा सातच उरले, तेव्हा सुझान टीचरांनी तोंडावर पदर धरला. प्रिस्काची चाल मात्र सरकत सरकतच जाई. उचलून टाकायची घाई तिने एकदाही केली नाही. मधूनच ती आपली प्यादी त्याच्या राजाकडे एक एक घर पाठवी. त्यातली दोन मेली, पण मरताना कल्पेशच्या राजापुढची दोन प्यादी घेऊन मेली. आता राजापुढे एकच प्यादं राहिलं. घोडा जागचा हलला नव्हता.

कल्पेशला जिंकायचंच होतं. त्याचा शेवटचा हत्ती राजाजवळ, तळाच्या रांगेत राखणीला होता. वजिराच्या मदतीला तो हत्ती नेला की पुढच्या चालीला मात होती. त्याने घड्याळ बघितलं. त्याचीही वेळ संपत आली होती. त्याने हत्ती उचलला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. ठक्.

तळाची रांग उघडी पडली.

प्रिस्काचा वजीर सरकत गेला आणि राजाच्या रांगेत जाऊन थांबला. शह. राजाला जायला एकच घर होतं, वर कोपऱ्याला. वजीर तिरका मागे सरकला, पुन्हा शह. राजा पुन्हा खाली, पुन्हा तेच एक घर. मध्ये काही आणून आड घालावं तर ती घरं तिच्या घोड्याने रोखून धरलेली. वजीर खाली, राजा वर. वजीर वर, राजा खाली. कल्पेशने दोन्ही हात कानांवर ठेवले. त्याची मात एका चालीवर उभी होती आणि ती एक चाल त्याला मिळत नव्हती.

ह्यात तिला ह्याहून चांगलं काही सापडलं असतं का? एखाद्या मोठ्या खेळाडूला सापडलंही असतं. पण तिला अर्धा गुण पुरे होता, आणि घड्याळात अकरा सेकंद होते.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, आणि तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो. तिने चाल आधी कागदावर लिहिली, मग हात वर केला. "मास्तर, ही चाल केली की तेच तिसऱ्यांदा होतंय."

शत्रुघ्न मास्तरांनी दोघांचे कागद घेतले, बोट ठेवून ठेवून ताडून बघितले. मग त्यांनी घड्याळ बंद केलं.

"बरोबरी."

कल्पेशने कागदावर सही केली. मग हात पुढे केला. "आंटी, एक सांगू? तुम्ही घोडा मारला असता ना, त्याची माझी फुल तयारी होती. घरून बघून आलो होतो. हा मधला हत्ती... हा कुठे बघितलाच नव्हता."

"मी तरी कुठे बघितला होता?" प्रिस्का म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

दीड वाजता मास्तर यादी घेऊन बसले. चौथ्या नावाशी आले आणि पेन थांबलं. "प्रिस्काबाई, एक विचारायचं राहिलं. राज्य स्पर्धा सहा दिवसांची आहे. लांब आहे, राहायला लागेल. जमणार असेल तर सही करा. नसेल तर आताच सांगा, म्हणजे पाचव्या नंबरला पाठवू. मागाहून नाही म्हटलं तर जागा फुकट जाईल."

पाचवा नंबर कल्पेश. तो जवळच उभा होता, बॅग खांद्याला, आणि निघत नव्हता.

सहा दिवस. लग्नापासून प्रिस्का सांडोरबाहेर दोन रात्री सलग राहिलेली नव्हती. वाडीला एक दिवसाआड पाणी, पानांचे ठरलेले तीन निरोप, स्टॅनीचं जेवण, गोळ्या, अंघोळीचं पाणी. तिने मास्तरांचा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

"हरलीस?" पलीकडून स्टॅनीने पहिलंच विचारलं.

"बरोबरी. चौथी आले. सहा दिवस जायचंय."

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग, "भात मला येतो."

"नुसता भात सहा दिवस खाशील?"

"तीन दिवस भात. तोवर आमटी शिकतो. क्लेमेंटीन शेजारी आहे, ती शिव्या देत शिकवील. पाण्याचं मी खुर्चीवर बसून कुणाकडून तरी करून घेतो, ओरडायला मला काठी लागत नाही. तू फोन ठेव, दुसऱ्याचे पैसे जातायत."

तिने फोन परत दिला. कल्पेशकडे बघितलं, त्याने मान डोलावली आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"लिहा मास्तर," प्रिस्का म्हणाली. "आणि सही कुठे करायची ते दाखवा."

तिने सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव लिहिलं. मग उभी राहून तिने गाडी किती वाजता सुटते आणि अंथरूण आपलं न्यावं लागतं का, एवढंच विचारलं.